रानडुकराचं आतडं आखूड का?

डुकराचं लहान आतडं मोजणं हे तसं वैतागाचं काम आहे, आधी त्याला धरून ठेवणारा पडदा कापत कापत सगळी वेटोळी सोडवायची, मग ओल्या टेबलावर ते नागमोडी मांडायचं आणि टेप लावायची, आणि हे सगळं न ओढता, कारण मेलेल्या जनावराचं आतडं ढिलं पडलेलं असतं, जरा जोर लावला की लांबी वाढलीच समजा. मोठ्या पाळीव डुकराचं १५ ते २० मीटर सहज भरतं.

रानडुक्कर आणि पाळीव डुक्कर, प्रजाती एकच, सुस स्क्रोफा. पण डार्विनने १८६८ च्या पुस्तकात क्युव्हिये या फ्रेंच शरीररचनातज्ज्ञाचे आकडे दिलेत ते बघा: शरीराच्या लांबीच्या मानाने रानडुकराचं आतडं ९ पट, साध्या पाळीव डुकराचं साडेतेरा पट, सयामी जातीचं १६ पट. गंमत म्हणजे पाळीव डुकराचं शरीरही लांबलंय, रानडुकराला छाती-कमरेचे मणके १९ आणि युरोपियन फार्मच्या डुकरांना २१ ते २३, तरी आतडं त्याच्याही पुढे निघून गेलं! पिढ्यानपिढ्या बदललेल्या खाण्याचा हा परिणाम, असं डार्विनला वाटायचं.

आतली रचना मात्र तीच. ड्युओडेनममध्ये, म्हणजे लहान आतड्याच्या पहिल्या भागात, चिकट स्राव सोडणाऱ्या ब्रुनर ग्रंथी, इलियममध्ये, म्हणजे शेवटच्या भागात, पेयर्स पॅचचा (रोगप्रतिकार पेशींच्या पुंजक्यांचा) लांबच्या लांब पट्टा, सूक्ष्मदर्शकाखालच्या स्लाइडवर नाव झाकलं तर कुठलं कुणाचं ते मी तरी पैजेवर सांगणार नाही.

व्हिलाय म्हणजे आतड्याच्या आतल्या बाजूचे बोटांसारखे बारीक उंचवटे, त्यांच्या उंचीवरून कोणी फरक सांगायला लागलं की मी आधी विचारतो, सॅम्पल कधी घेतलं? जनावर मेल्यावर काही मिनिटांतच व्हिलायची टोकं झडायला लागतात. फार्मच्या डुकराचा तुकडा लगेच फॉर्मॅलिनमध्ये (नमुना टिकवणाऱ्या द्रावणात) पडतो, आणि शिकार झालेलं रानडुक्कर जंगलातून ओढत आणून फाडेपर्यंत बराच वेळ गेलेला असतो, मग त्याचे व्हिलाय बुटके दिसणारच की. आणि पिल्लांचं तर अजून वेगळं, फार्मवर तीन-चार आठवड्यांत दूध तोडतात, त्या धक्क्याने काही दिवसांतच व्हिलाय खुजे होतात आणि त्यांच्या बुडाचे क्रिप्ट, म्हणजे खळगे, खोल जातात. रानातलं पिल्लू तीन-चार महिने आईला लुचत लुचत हळूहळू मुळं, किडे उकरायला शिकतं. त्यामुळे दोघांचं वय सारखं धरून तुलना केली तरी घोळ आहेच.