बिचारा राक्षस

जुने भयपट मी घाबरायला म्हणून पाहत नाही. घाबरायचंच असेल तर सोसायटीची वार्षिक सभा आहे. हे काळेपांढरे सिनेमे मी पुन्हा लावते ते त्यांतल्या राक्षसांसाठी. पहिल्यांदा पाहताना भीती त्यांची वाटते. तिसऱ्या-चौथ्या खेपेला त्यांच्यामागे धावणाऱ्या माणसांची वाटायला लागते.

१९३१चा 'ड्रॅक्युला' घ्या. हसू येण्याजोगं त्यात बरंच आहे. ट्रान्सिल्वेनियातल्या पडक्या किल्ल्यात चक्क आर्माडिलो हिंडताना दिसतात. आपल्या खवल्या मांजराच्या तोंडवळ्याचा हा प्राणी अमेरिकेतला. पण दिसायला विचित्र ना, मग सोडा दोन-चार! रक्तपिपासू ड्रॅक्युला झालेल्या बेला लुगोसीचे सुळे अख्ख्या सिनेमात एकदाही दिसत नाहीत. पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच. हल्ली दार उघडायच्या आधीच व्हायोलिनं किंचाळून वर्दी देतात. इथे लुगोसी मेणबत्ती घेऊन जिन्यावर उभा राहतो, एकेक शब्द सावकाश टाकतो, आणि मधल्या शांततेत काय भरायचं ते आपलं आपण बघायचं.

कॅमेरा कार्ल फ्रॉइंडचा, बर्लिनहून आलेल्या माणसाचा. मूकपटांच्या काळात जर्मनीत सावलीला पात्राचा मान द्यायची रीत पडली होती. तिथली माणसं पांगली तशी ती रीतही पांगली, आणि तिचा एक फाटा थेट मालाडला आला. बॉम्बे टॉकीजच्या 'महल'चं (१९४९) छायाचित्रण योसेफ विर्शिंग या जर्मन माणसाचं आहे. झोपाळ्यावरची मधुबाला दिसते-न दिसते तेव्हा मला तरी तो वाडा ड्रॅक्युलाच्या भावकीतला वाटतो.

पण माझा जीव खरा अडकला आहे तो 'फ्रँकेन्स्टाइन'मध्ये. तोही १९३१चाच, दिग्दर्शक जेम्स व्हेल. यातला राक्षस म्हणजे एका शास्त्रज्ञाने प्रेतांचे तुकडे जोडून नुकताच जिवंत केलेला जीव. सुरुवातीच्या श्रेयनामावलीत राक्षसाच्या पात्रापुढे नटाच्या नावाऐवजी नुसतं प्रश्नचिन्ह आहे. ते काम करणारा बोरिस कार्लॉफ तेव्हा तितका मोठा नव्हताच. त्याचं मूळ नाव विल्यम हेन्री प्रॅट. वडील ब्रिटिश हिंदुस्थानात मिठाच्या कराच्या खात्यात होते. रंगभूषाकार जॅक पिअर्स रोज काही तास त्याच्या चेहऱ्यावर काम करायचा. एक गाल खप्पड दिसावा म्हणून कार्लॉफने त्या बाजूचे बसवलेले दात काढून ठेवले होते. इतकं सगळं थापून, चिकटवून झाल्यावर अभिनयाला उरले काय, तर डोळे आणि हात. तेवढ्यावर त्याने काम भागवलं.

त्यातला तळ्याकाठचा प्रसंग. मारिया नावाची छोटी मुलगी या धिप्पाड पाहुण्याला घाबरत नाही. ती त्याला फुलं देते, दोघं एकेक फूल पाण्यावर टाकतात, फुलं तरंगतात, आणि तो हसतो. सगळ्या सिनेमात त्याला मिळालेलं सुख काय ते एवढंच. हातातली फुलं संपतात. फुलं तरंगली तशी हीही तरंगेल, एवढ्या सरळ हिशोबाने तो तिला उचलून पाण्यात टाकतो. ती बुडते, तो भांबावून स्वतःचेच हात बघत राहतो.

सेन्सॉरना हे झेपलं नाही. त्यांनी कात्री चालवली ती त्याचे हात तिच्याकडे जातात तिथेच. पुढे दिसतं ते थेट मुलीचं प्रेत उचलून गावातून चालणारा बाप. मधे काय झालं असेल याची कल्पना प्रेक्षकाने करायची, आणि ती कापलेल्या दृश्याहून कितीतरी वाईटच होणार! अजाण जीव त्या कात्रीमुळे नराधम ठरला. कापलेला तुकडा परत जोडला गेला १९८०च्या दशकात. तोवर पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी त्याच्यावर नको तो आळ घेतला. माझ्या भाच्याने मात्र पहिल्यांदा पाहिला तोच पूर्ण. मशाली घेऊन गाव त्याच्या मागे लागलं तेव्हा तो म्हणाला, "मावशी, पण याला कुणी सांगितलंच नव्हतं ना!"

'किंग काँग'ची (१९३३) गंमत वेगळी. जवळून पाहिलंत तर त्या महाकाय वानराच्या अंगावरचे केस उगाचच थरथरत असतात. मूळ बाहुलं जेमतेम दीड फुटाचं, वर सशाची कातडी. या करामती सांभाळणाऱ्या विलिस ओब्रायनची माणसं सिनेमाच्या एकेका चौकटीसाठी त्याचा हातपाय तसूभर हलवायची आणि प्रत्येक वेळी बोटांनी केस दबायचे. म्हणजे चूकच. पण ती दिसायला लागल्यापासून काँग मला जास्त जिवंत वाटतो. संगणकाने काढलेल्या केसांवर कुणाच्या बोटांचे ठसे शोधणार?

तर, कार्लॉफच्या राक्षसाला १९३५मध्ये बायको करायचं ठरलं. 'ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन'मध्ये तो बोलायलाही शिकतो. एका आंधळ्या म्हाताऱ्याच्या झोपडीत त्याला भाकरतुकडा मिळतो, व्हायोलिन ऐकायला मिळतं. मग शेवटी नवरी झालेली एल्सा लँचेस्टर येते, केस ताठ उभे, त्यांत वीज चमकल्यासारखे दोन पांढरे पट्टे. काम मोजून काही मिनिटांचं. नवरदेव आशेने हात पुढे करतो आणि ही त्याच्यावर फिस्कारते. ते फिस्कारणं आपण लंडनच्या बागेतल्या हंसांवरून उचललं, असं ती सांगायची. आपल्याकडे नलाचं दमयंतीशी जुळवून दिलं ते हंसाने. या गरिबाचं मोडलंही हंसानेच.