फिफ्टी-फाइव्ह प्लसमध्ये घर घेताना

माझं वय ५३, नवऱ्याचं ६०. न्यू जर्सीत 'फिफ्टी-फाइव्ह प्लस', म्हणजे ५५ आणि त्यापुढच्या वयाच्यांसाठी असलेल्या वसाहतीत घर बघतोय असं सांगितलं की ओळखीतलं कुणीही आधी हेच विचारायचं, "पण तू बसतेस का त्यात?" बसते. पण कशी आणि कुठवर, हे नीट समजून घेण्यातच आमची निम्मी दमछाक झाली.

कायदा असा आहे. लहान मुलं आहेत म्हणून कुटुंबाला घर नाकारणं १९८८ च्या दुरुस्तीनंतर फेअर हाउसिंग ॲक्ट या घरांबाबतचा भेदभाव रोखणाऱ्या फेडरल कायद्याखाली बेकायदा ठरलं. ज्येष्ठांच्या वसाहतींना त्यातून सूट आहे. ६२ वाल्या वसाहतीत राहणारा प्रत्येक जण ६२ चा लागतो. ५५ वाल्यांचं माप सैल आहे, आणि १९९५ च्या कायद्याने ते आणखी सुटसुटीत झालं: माणसं राहत असलेल्या घरांपैकी किमान ८० टक्के घरांत ५५ किंवा त्याहून मोठं एक तरी माणूस हवं. म्हणजे आमच्या घरापुरता नवरा पुरेसा होता. उरलेल्या २० टक्क्यांवर मात्र कुणाला हक्क सांगता येत नाही. वसाहत आपल्या नियमांत शंभर टक्केही मागू शकते, शिवाय जोडीदारासाठी, मुलांसाठी वेगवेगळी किमान वयं ठरवू शकते. तेव्हा नुसता कायदा वाचून भागत नाही. त्या त्या वसाहतीचं डिक्लरेशन (मूळ नियमांचा दस्तऐवज) आणि बायलॉज (कारभाराचे पोटनियम) वाचावेच लागतात.

एजंट आधी क्लबहाउस दाखवतात. पोहण्याचा तलाव, पत्त्यांची खोली, व्यायामाची यंत्रं. दोन-चार वसाहती बघितल्या की सगळी क्लबहाउसं एकसारखी दिसायला लागतात. पुढे पुढे मी घर बघायला जाण्याआधीच कागद मागायला लागले. "ऑफर मान्य झाल्यावर मिळतीलच की," असं एक एजंट म्हणाली. मला ते पटलं नाही. स्वयंपाकघराच्या प्रेमात पडल्यावर दोनशे पानं कोण शांतपणे वाचणार?

माझा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. नवऱ्याला काही झालं आणि मी तेव्हा ५५ ची नसले, तर मला तिथे राहता येईल का? दर वेळी तो शेजारी बसलेला असायचा आणि दर वेळी म्हणायचा, "मी अजून आहे गं इथे." एका वसाहतीच्या कागदांत स्वच्छ लिहिलं होतं की मागे राहिलेल्या जोडीदाराला वयाची अट नाही. दुसरीकडे त्यासाठी ४८ ची मर्यादा होती, तीही मला चालण्यासारखी. तिसरीकडे याबद्दल अवाक्षर नव्हतं. विचारल्यावर उत्तर आलं, "बोर्ड समजून घेतं." बोर्ड म्हणजे रहिवाशांनी निवडलेली कार्यकारिणी, ती दर निवडणुकीत बदलते. ते घर आम्ही सोडलं. स्वयंपाकघर तिथलंच सगळ्यात सुंदर होतं, हे नवरा अजून ऐकवतो.

दुसरा प्रश्न मुलाचा. तो २४ चा, दुसऱ्या राज्यात नोकरीला. नोकरी गेली आणि चार-सहा महिने घरी येऊन राहायचं म्हटलं तर? कमी वयाच्या पाहुण्यांना वर्षाकाठी किती दिवस राहता येईल याची मर्यादा बहुतेक ठिकाणी असते, आणि आपला मिसरूड फुटलेला मुलगाही त्या हिशेबात 'कमी वयाचा' ठरतो. आमच्या पश्चात घर त्याच्या नावावर होऊ शकतं, पण ५५ पूर्ण होईपर्यंत तो तिथे राहू शकत नाही. भाड्याने देण्यावरही बंधनं आहेत. थोडक्यात, त्याला ते विकावं लागेल, आणि गिऱ्हाईक याच वयोगटातलं शोधावं लागेल. हे त्याला फोनवर सांगितलं तर म्हणाला, "मला कुठे राहायचंय तिथे, आई?" विषय संपला.

पैशांची बाजू मासिक एचओए फीपासून, म्हणजे घरमालकांच्या असोसिएशनला द्यायच्या वर्गणीपासून सुरू होते. गवत कापणं, बर्फ काढणं बहुधा त्यात येतं. पण बर्फ ठराविक इंचांच्या वर पडला तरच माणसं येतात, आणि छप्पर कुणाचं हे घरागणिक बदलतं. फी कमी म्हणजे वसाहत स्वस्त, असा अर्थ मी काढत नाही. गंगाजळीत भर पडत नसेल तर उद्या क्लबहाउसचं छप्पर किंवा रस्ते करताना प्रत्येक घरावर स्पेशल असेसमेंट, म्हणजे एकरकमी वर्गणी बसते. फ्लोरिडात सर्फसाइडची इमारत २०२१ मध्ये कोसळून ९८ जण गेले. त्यानंतर न्यू जर्सीने जानेवारी २०२४ मध्ये कायदा करून अशा वसाहतींना रिझर्व्ह स्टडी, म्हणजे पुढच्या मोठ्या दुरुस्त्यांसाठी गंगाजळी पुरेशी आहे का याचा अभ्यास, बंधनकारक केला. तो अहवाल मागावा, आणि त्याहीपेक्षा बोर्डाच्या बैठकांची इतिवृत्तं मागावीत. कोण कुणावर खटला भरतंय, तलावाची गळती किती दिवस पुढे ढकलली जातेय, सगळं तिथे सापडतं. मला तर ती वाचायची चटकच लागली.

कर्जाबद्दल नवऱ्याला धास्ती होती, की साठीच्या माणसाला तीस वर्षांचं कर्ज कोण देईल? वयामुळे कर्ज नाकारणं कायद्याने मना आहे. बँक उत्पन्न बघते आणि एचओए फी मासिक बोजात धरते, त्यामुळे मिळणारी रक्कम थोडी घटते. जुनं घर विकताना नवरा-बायकोच्या एकत्र रिटर्नवर ५ लाख डॉलरपर्यंतचा नफा फेडरल करातून सुटतो, मात्र मागच्या पाचपैकी दोन वर्षं तिथे राहिलेलं असायला हवं. शाळांचा कर नव्या घरालाही आहेच. वसाहतीत एक पोर राहत नसलं म्हणून त्यातून सुटका नाही!

इकडे एजंटने केलेल्या करारावर सह्या झाल्या की कामकाजाचे तीन दिवस ॲटर्नी रिव्ह्यूचे असतात. त्या मुदतीत वकील करार बदलू शकतात, मोडूही शकतात. मागे राहणाऱ्या जोडीदाराबद्दलचं कलम आमच्या वकिलाने मूळ डिक्लरेशनशी आणि नंतरच्या सगळ्या दुरुस्त्यांशी ताडून बघितलं. नियम दुरुस्तीने बदलतात आणि विकणाऱ्याकडे कधी कधी जुनीच प्रत असते, म्हणून हे महत्त्वाचं. इन्स्पेक्शनमध्ये रेडॉन, म्हणजे जमिनीतून घरात शिरणारा किरणोत्सारी वायू, ठीक निघाला. म्हातारा झालेला वॉटर हीटर बदलून मिळाला. क्लोजिंगला, म्हणजे घर नावावर होण्याच्या दिवशी, असोसिएशनची ना-परतावा प्रवेश रक्कम भरली. तिचा उल्लेख जाहिरातीत कुठेच नव्हता.

मग वयाचा पुरावा. वसाहतीला दर दोन वर्षांनी घरोघरच्या वयांची पडताळणी करावी लागते, त्यामुळे कार्यालयात दोघांच्याही लायसन्सच्या प्रती घेतल्या. तिथल्या बाईंनी माझी जन्मतारीख बघितली, नवऱ्याची बघितली, त्याच्या नावापुढे खूण केली आणि मला म्हणाल्या, "पुढच्या पडताळणीला तुमचीही खूण होईल." नवरा गाडीत बसेपर्यंत हसत होता.