तहानेपुरतं पाणी
दोन लिटरची रिकामी बाटली हाती आली की हल्ली मी तिच्याकडे फार आशेने बघते. प्लास्टिक जाड आहे का, खांदा कुठून उतरतो, बूच घट्ट बसतं का. घरच्यांना हे भंगार जमवण्याचं लक्षण वाटतं. वाटो बापडं.

अशा बाटलीतून स्वतःच पाणी ओढून घेणारी कुंडी होते, आणि त्यासाठी करायचं फारसं काही नसतं. बाटली वरून तिसऱ्या हिश्श्यावर कापायची, बुचाला तापवलेल्या खिळ्याने भोक पाडायचं, त्यातून जुन्या नाडीचा तुकडा ओवायचा आणि वरचा भाग उलटा करून खालच्या भागात बसवायचा. वर माती आणि रोप, खाली पाणी, मध्ये नाडी. ती आधी भिजवून घ्यावी. कोरडी नाडी पाणी ओढायला फार आढेवेढे घेते. मातीतही ती चांगली वरपर्यंत न्यावी. सुती असेल तर काही महिन्यांत कुजते, नायलॉनची टिकते.

दिव्याची वात ज्या न्यायाने तेल चढवते, त्याच न्यायाने ही नाडी पाणी चढवते. धाग्यांमधली किंवा मातीच्या कणांमधली फट जितकी अरुंद तितकं पाणी उंच जातं, म्हणून कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) मिसळलेल्या मातीत हे छान जमतं आणि नुसत्या जाड वाळूत पाणी थोडं चढून थांबतं. पण खरी गंमत पुढेच आहे. माती ओली असली की ओढ मंदावते, सुकायला लागली की वाढते. म्हणजे किती प्यायचं ते वर मातीतच ठरतं. आपण झारी घेऊन उभे राहतो तेव्हा ते आपण ठरवतो, आणि बहुधा आपल्या लहरीवर! कुंडीतली झाडं तहानेपेक्षा मायेनेच जास्त मरतात, असं माझं ठाम मत आहे. सतत चिंब मातीत हवा उरत नाही, मुळं गुदमरतात, कुजतात, पानं पिवळी पडतात. आणि ते पिवळं पान बघून आपण कळवळून आणखी एक तांब्या ओततो.

कोरफड, निवडुंग यांना मात्र या भानगडीत ओढू नये. त्यांना मधूनमधून कोरडं पडायचं असतं. पुदिना खुशाल लावावा.

यात नवं काही शोधलंय असंही नाही. चीनमध्ये इसवी सनपूर्व पहिल्या शतकात फान शंगची यांनी शेतीवर लिहिलं, त्यात पाण्याने भरलेलं, भाजलेलं पण झिरपणारं मडकं जमिनीत पुरून भोवती वेलाच्या चार बिया लावायला सांगितलंय. आणि मडक्यावर कौल झाकायला.

ते झाकणं फार महत्त्वाचं. उघड्या पाण्यात डास अंडी घालतात आणि उबदार हवेत डेंग्यूचा डास आठ-दहा दिवसांत अंड्यातून उडण्याजोगा होतो. बाटलीचे दोन्ही भाग जिथे एकमेकांत बसतात, तिथली फट मी चिकटपट्टीने बंद करते. पारदर्शक बाटलीत उजेड शिरून शेवाळ धरतं, त्यावर जोडीदार हरवलेला मोजा चढवला की काम भागतं. दिसायला अगदीच बावळट दिसतं, पण रोपाची तक्रार नाही.

आणि हो, खालून चढणारं पाणी वरून उडून जातं, क्षार मागे राहतात. मातीवर पांढरी खपली धरते. ती दिसली की वरून भरपूर पाणी घालून धुऊन काढावी, आणि खाली साचलेलं ओतून द्यावं. म्हणजे झारी माळ्यावर टाकायची इतक्यात घाई नको.