क्रॉसफायर

आज लंडनमध्ये व्हाइटचॅपलला मासे घ्यायला गेले होते. दुकानातले काका बांगलादेशातल्या सिल्हेटचे. हिल्सा कापता कापता अचानक थांबले, हात पुसले आणि पाकिटातून एक फोटो काढला. कडा झिजलेला, प्लॅस्टिकमध्ये घातलेला. भाचा. काही वर्षांपूर्वी ढाक्यात साध्या कपड्यांतली माणसं त्याला घेऊन गेली, तो परत आलाच नाही.

'रॅब' हे नाव त्यांनी अगदी हळू आवाजात घेतलं. रॅपिड ॲक्शन बटालियन, बांगलादेश पोलिसांचं खास दल, 2004 साली उभं राहिलेलं. त्याच्या गोळीने मेलेल्या माणसाबद्दल एकच शब्द छापून यायचा: क्रॉसफायर, म्हणजे चकमकीत दोन्हीकडच्या गोळीबारात सापडून मेला. आणि याच दलाला ब्रिटनने प्रशिक्षण दिलं, संशयितांची चौकशी कशी करावी याचंसुद्धा! 2010 च्या डिसेंबरमध्ये, गुप्त सरकारी कागदपत्रं फोडणाऱ्या विकिलीक्समुळे ते उघड झालं. तेव्हा, मानवी हक्कांचं भान यावं म्हणूनच हे शिकवतो, असं सरकारचं म्हणणं होतं.

हेतू चांगला असेलही. पण शिकून गेलेल्यांनी पुढे काय केलं, याचा हिशेब कोणी ठेवायचा? अमेरिकेने रॅबवर निर्बंध घातले ते थेट डिसेंबर 2021 मध्ये. मधल्या काळात कितीतरी आया मुलांचे फोटो हातात धरून ढाक्याच्या रस्त्यावर उभ्या राहिल्या.

मी इथे कर भरते. त्यातलाच पैसा तिकडे गेला असेल, हे दिवसभर डोक्यातून जात नाहीये.

काकांनी फोटो परत पाकिटात ठेवला आणि विचारलं, "डोकं पण देऊ ना, दीदी?"