नोंद आढळून येत नाही

मराठी मजकूर संगणकात नीट साठतो का, छापून नीट येतो का आणि शोधल्यावर सापडतो का, हे तपासून देण्याचं काम मी पुण्यात करते. डिजिटल सार्वजनिक सेवांच्या एका पुरस्कारासाठी आलेले प्रस्ताव जागेवर जाऊन पडताळायच्या समितीत मला घेतलं ते यामुळेच. माझ्याबरोबर एक निवृत्त उपजिल्हाधिकारी आणि अभियांत्रिकी महाविद्यालयातले एक प्राध्यापक होते. त्या दिवशीचं कार्यालय शहरातलंच होतं, जुन्या जन्म-मृत्यू नोंदवह्या सांभाळणारं. त्याचं नाव लिहीत नाही.

प्रस्ताव चांगला होता. शिवण उसवलेल्या, कडा झिजलेल्या नोंदवह्यांची पानं स्कॅन केली होती, प्रत्येक पानावरची नावं टंकून सूची केली होती आणि नाव, वर्ष टाकलं की मूळ पानाचं चित्र समोर यावं अशी सोय होती. सगळं लिनक्स आणि माहिती साठवणारं पोस्टग्रेस या ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या, प्रणालींवर उभं होतं, परवान्यापोटी एक रुपया द्यावा लागला नव्हता. साहेबांनी मन लावून सादरीकरण केलं. किती पानं, किती अर्ज, किती बचत, सगळे तक्ते होते. पुरस्काराच्या नमुन्यातले रकाने भरायला एवढं पुरेसं होतं, आणि बारा वाजेपर्यंत आम्ही मोकळे झालो असतो.

मला मात्र खिडकीमागे बसून बघायचं होतं. मराठी नावांचा शोध कुठे अडखळतो ते चकचकीत पडद्यावर दिसत नाही, खिडकीत दिसतं. साहेबांनी लगेच खुर्ची द्यायला सांगितली.

खिडकीवर एक ज्येष्ठ लिपिक बाई होत्या. त्यांच्या टेबलावर आवक नोंदवहीशेजारी एक वेगळी, हाताने रेघा मारलेली वही होती. थोड्या वेळाने हवेली तालुक्यातले एक काका आले, पिशवीत कागदांची जाडजूड घडी घेऊन.

“म्याडम, तुमचा फोन आला म्हणून आलो. मागं तर न्हाई म्हणाला होता तुम्ही.”

“हो काका, तेव्हा सापडलं नव्हतं. आता सापडलंय. बसा.”

काकांच्या आई १९८० च्या दशकात पुण्यातल्या रुग्णालयात गेल्या. मृत्यू जिथे होतो तिथेच त्याची नोंद होते, त्यामुळे गाव कुठलंही असलं तरी दाखल्यासाठी पुण्यालाच यावं लागतं. जमीन अजून आईच्या नावावर होती, वारसनोंदीचा फेरफार दाखल्यावाचून अडला होता. त्यांनी आधी अर्ज केला तेव्हा उत्तर मिळालं होतं: नोंद आढळून येत नाही. त्यांच्या घडीत ते अनुपलब्धतेचं प्रमाणपत्र होतं. त्याच्यावर विसंबून ते वकिलाकडेही जाऊन आले होते, कारण वर्ष उलटून गेलेली नोंद नव्याने करायची तर १९६९ च्या कायद्याच्या कलम १३ खाली दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो.

बाईंनी नाव टंकलं. मूळ पान पडद्यावर आलं. आईचं नाव, वय, वॉर्ड, तारीख, सगळं शाईत, स्वच्छ अक्षरात. काका वाकून कितीतरी वेळ बघत राहिले. “म्हंजे हितंच होती नोंद,” एवढंच म्हणाले.

नोंद पहिल्यापासून तिथेच होती. सूचीतही होती. मग तेव्हा सापडली का नाही?

त्यांचं आडनाव लिहीत नाही, पण त्यात ‘ऱ्ह’ आहे. कुऱ्हाडे, गोऱ्हे, बऱ्हाटे, अशांपैकी एक. एकीकडे नऱ्हे, दुसरीकडे खडकवासल्याजवळचं गोऱ्हे, खाली पुरंदरात कऱ्हा नदी. पुण्याच्या आसपास या अक्षराला तोटा नाही. आणि हेच अक्षर संगणकात दोन वेगळ्या रीतींनी साठतं. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट आणि जे दाबलं की ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर येतं, त्याला हलन्त जोडला की झालं. दुसरी रीत अशी की साधा ‘र’, त्याला हलन्त आणि त्यापुढे झीरो विड्थ जॉइनर नावाचं एक चिन्ह, जे डोळ्याला अजिबात दिसत नाही. कागदावर दोन्ही हुबेहूब सारखे उमटतात. संगणकाच्या लेखी मात्र ती वेगळी अक्षरमालिका असते. युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणारं जागतिक मानक. त्याचं प्रमाणित नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करणं, केलं की असे सगळे भेद मिटतात असं बरेच जण धरून चालतात. ते ‘ऱ’ आणि नुक्ता दिलेला ‘र’ एक करतं, पण जॉइनरवाल्या रूपाला हात लावत नाही.

या कार्यालयातली जुनी सूची युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेली होती. ती युनिकोडमध्ये आणताना सगळीकडे जॉइनरवाली रीत आली. खिडकीवर नाव टंकलं जातं ते पहिल्या रीतीने. त्यावर आणखी एक गोष्ट घडत होती. शोधासाठी वापरलेला ओपन सोर्स घटक जॉइनर हे निरर्थक चिन्ह समजून आधीच गाळून टाकत होता. जॉइनर गेला की उरतो ‘र’ आणि हलन्त, म्हणजे रफार. सूचीतल्या सगळ्या कुऱ्हाडेंचे आतल्या आत ‘कुर्हाडे’ झाले होते आणि खिडकीवरून शोधलेला कुऱ्हाडे त्यांना भेटत नव्हता. मराठीत रफार आणि हा ‘ऱ’ यांची गल्लत चालत नाही. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या डोंगरातल्या.

हे ज्याने शोधून काढलं तो कंत्राटावरचा एक तरुण अभियंता. आमच्या सादरीकरणात तो प्रोजेक्टरची वायर धरून उभा होता. बाईंनीच त्याला बोलावलं. “मॅडमनी मला सांगितलं की ठरावीक आडनावंच सापडत नाहीत,” तो म्हणाला. “मला आधी वाटलं टंकताना चुका झाल्या असतील. पण त्यांनी यादीच दिली.”

यादी म्हणजे ती हाताने रेघा मारलेली वही. ‘नोंद आढळून येत नाही’ असं ज्यांना सांगावं लागलं, त्यांची नावं आणि फोन नंबर बाई त्यात लिहून ठेवत होत्या. कुणी सांगितलं नव्हतं. “माणूस तारीख सांगतो, वॉर्ड सांगतो, दवाखाना सांगतो. एवढं सांगणाऱ्याची नोंद नसेल कशी? म्हणून लिहीत गेले,” त्या म्हणाल्या. लिहिता लिहिता त्यांच्या लक्षात आलं की त्या यादीत ‘ऱ्ह’ आणि ‘ऱ्य’ असलेली आडनावं फार आहेत, आणि ॲना, ॲग्नेस अशी कॅम्पातली नावं. त्यांचंही कारण तसंच निघालं. ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतःची जागा मिळाली २००८ साली, ५.१ या आवृत्तीत. त्याआधीचा मजकूर ‘अ’वर चंद्र देऊन लिहिलेला.

तरुणाने केलेली दुरुस्ती मी ओळ न् ओळ वाचली. मूळ नोंदीतल्या अक्षरांना त्याने हात लावला नव्हता, आणि ते फार महत्त्वाचं आहे, कारण ती कायदेशीर नोंद आहे. शोधापुरता वेगळा रकाना केला होता. त्यात जॉइनर गाळण्याच्या आधी ‘र, हलन्त, जॉइनर’ ही मालिका ‘ऱ, हलन्त’मध्ये बदलायची आणि मगच उरलेले जॉइनर काढायचे. क्रम उलटा झाला तर दर्या आणि दऱ्या कायमचे एक होतील, हे त्याने वर टिपणात लिहिलं होतं. खाली चाचण्यांची यादी: आचार्यांना आणि आचाऱ्यांना, दर्या आणि दऱ्या, आणि बाईंच्या वहीतली आडनावं, व्यक्तींची नावं काढून. माझ्या व्यवसायात इतकी नेटकी चाचणीयादी क्वचित हाती येते.

मग त्याने आणखी एक काम केलं होतं, आणि ते प्रस्तावात कुठेच नव्हतं. ही दुरुस्ती त्याने स्वतःच्या कार्यालयापुरती ठेवली नाही. ज्या ओपन सोर्स घटकात दोष होता, त्याच्या मूळ प्रकल्पाकडे ती पाठवली. तिथल्या देखभाल करणाऱ्याला देवनागरी येत नव्हती, त्याने उदाहरणं मागितली. हा रात्री घरून उत्तरं देत राहिला. शेवटी दुरुस्ती स्वीकारली गेली आणि पुढच्या आवृत्तीत आली. म्हणजे तो घटक वापरणाऱ्या इतर कुठल्याही मराठी, कोकणी किंवा नेपाळी सूचीत हा दोष आता आपोआप मिटेल. साहेबांनाही हे आमच्यासमोर पहिल्यांदा कळलं. त्यांनी त्याला खुर्चीत बसवलं आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं.

दुपारी समितीची चर्चा झाली ती जंगली महाराज रस्त्यावरच्या एका हॉटेलात, जेवता जेवता. प्राध्यापकांचा मुद्दा सरळ होता: “हा नवोपक्रम कसा? दोन अक्षरं जुळवली. चांगली दुरुस्ती आहे, पण आपण नव्या सेवांना पुरस्कार देतोय.” ते ओपन सोर्सच्या विरोधात नव्हते. नमुन्यात ‘ओपन सोर्स वापरले आहे का’ असा रकाना होता, तिथे ‘होय’ लिहिलेलं होतं आणि त्यांच्या मते तेवढं पुरेसं होतं.

मला ते पटेना. केंद्र सरकारचं ओपन सोर्स स्वीकारण्याचं धोरण २०१५ चं आहे. सरकारी प्रणालींचा सोर्स कोड खुला करून एकत्र विकास करायचं धोरणही त्याच वर्षीचं. पहिल्या धोरणाचं पालन आपण रकान्यात ‘होय’ लिहून मोजतो. दुसऱ्याचं मोजतच नाही. परवाना फुकट मिळाला हा फायदा कार्यालयाचा. दुरुस्ती परत पाठवली, तो फायदा सगळ्यांचा, आणि सार्वजनिक सेवेच्या पुरस्कारात या दुसऱ्याचं वजन जास्त असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

मी त्यांना मार्च २०२४ ची गोष्ट सांगितली. फाइल दाबून लहान करणारी एक्सझेड नावाची एक छोटी प्रणाली जगभरातल्या लिनक्समध्ये वापरली जाते आणि वर्षानुवर्षं ती मुख्यत्वे एका स्वयंसेवकाने सांभाळली. मदतनीस म्हणून हळूहळू विश्वास मिळवून कुणीतरी तिच्यात चोरदरवाजा घातला. तो सापडला तो आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला, दूरच्या संगणकावर लॉगिन व्हायला साधारण अर्धा सेकंद जास्त का लागतो, या एका प्रश्नाचा त्याने पिच्छा पुरवला म्हणून. हे फ्रॉइंड पोस्टग्रेसचे विकासक आहेत, म्हणजे सकाळी आम्ही पाहिलेली सूची ज्याच्यावर चालते त्याचेच. अशी डागडुजी करणाऱ्यांवर आपल्या सगळ्या सेवा उभ्या आहेत. खुद्द पुण्यात हे काम जुनं आहे. सी-डॅक ही सरकारी संगणक संशोधन संस्था १९८८ पासून इथे आहे, आणि रेड हॅट या लिनक्स कंपनीच्या इथल्या कार्यालयातल्या मंडळींनी भारतीय लिप्यांचे लोहित हे खुले फॉन्ट सांभाळले. त्यातल्या किती जणांना कुठल्या सरकारी समारंभात शाल मिळाली असेल?

प्राध्यापक ऐकत होते, पण निकाल फिरवला तो उपजिल्हाधिकाऱ्यांनी. त्यांनी तंत्रज्ञानाबद्दल शब्दही काढला नाही. त्यांनी काकांचं अनुपलब्धता प्रमाणपत्र आठवून दिलं. “ते घेऊन माणूस दंडाधिकाऱ्यापुढे उभा राहिला असता. मी त्या खुर्चीत बसलोय. कार्यालय लिहून देतं नोंद नाही, मग मी आदेश दिला असता. एका मृत्यूच्या दोन नोंदी झाल्या असत्या, दोन तारखाही झाल्या असत्या कदाचित. पुढे वारसांत वाद लागला की त्या दोन तारखांवर वीस वर्षं दावा चालतो. त्या बाईंनी आणि त्या मुलाने काय वाचवलंय ते तुम्हाला कळत नाहीये.” नंतर त्यांनीच पेन काढलं.

नमुन्यात ‘संकल्पना कोणाची’ या रकान्यात एकच नाव मावतं आणि तिथे साहेबांचं होतं. ते आम्ही ठेवलं. नोंदवह्या स्कॅन करायचा निर्णय त्यांचाच होता आणि त्यांनी आडकाठी केली असती तर पुढचं काही घडलं नसतं. स्वतंत्र जोडपत्र लिहून लिपिक बाई आणि कंत्राटी अभियंता या दोघांची नावं मानकरी म्हणून घालावीत अशी शिफारस केली. कंत्राटी माणसाचं नाव नियमात बसतं का, असा प्रश्न वरून आला. नियमात ‘कर्मचारी’ असा शब्द आहे, नियमित कर्मचारी असं कुठे लिहिलेलं नाही, असं उत्तर उपजिल्हाधिकाऱ्यांनी त्याच दिवशी पाठवलं. पुढच्या वर्षीच्या नमुन्यासाठी मी दोन रकाने सुचवले: मूळ प्रकल्पाकडे कोणती दुरुस्ती परत पाठवली, आणि नाकारलेल्या अर्जांचं पुढे काय केलं. दुसरा मला पहिल्याइतकाच मोलाचा वाटतो. दुरुस्ती झाली म्हणून जुन्या चुकीच्या उत्तरांमागची माणसं आपोआप परत येत नाहीत. त्यांना कुणीतरी बोलवावं लागतं.

बाई ते करतच होत्या, पण वहीतले कित्येक फोन आता लागत नव्हते. आम्ही निघताना त्यांनी पुरस्काराबद्दल काही विचारलं नाही. वही सुरू करण्याआधी जी अनुपलब्धता प्रमाणपत्रं गेली, त्यांच्या स्थळप्रती गठ्ठ्यात बांधून ठेवलेल्या आहेत, त्या सगळ्या पुन्हा तपासायला एक माणूस आणि पत्रांचा टपालखर्च मिळेल का, एवढं विचारलं. शिफारशीतली पहिली अट आम्ही तीच घातली. माणूस मिळाला आहे, पत्रं जाऊ लागली आहेत.