यादीतली तिसरी मुलगी

नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत मुलांच्या मानसशास्त्रीय तपासणीसाठी गेले असताना मुख्याध्यापकांनी जी यादी हाती दिली, तिच्यात तिसऱ्या क्रमांकावर तिसरीतल्या एका नऊ वर्षांच्या मुलीचे नाव होते आणि नावापुढे ‘मतिमंद असावी’ असा शेरा होता. वर्गशिक्षक म्हणाले, ‘‘मॅडम, विचारलेल्याचं उत्तर देत नाही, तास चालू असताना उठून जाते, रागावलं तर चिमटे काढते. बुद्ध्यंक काढून दिलात तर दिव्यांग प्रमाणपत्राचं बघता येईल.’’ त्यांच्या बोलण्यात आकस नव्हता. मुलीचे काहीतरी भले व्हावे, असेच त्यांना वाटत होते.

डोळे आणि कान आधीच तपासून झाले होते व त्यांत दोष नव्हता. मी बुद्ध्यंक काढण्याची बिने-कामत चाचणी सुरू केली. मी मराठीत प्रश्न विचारला की ती माझ्याकडे बघे, मग दाराकडे बघे. तिच्या घरी पावरी बोलतात आणि ती या शाळेत आदल्याच वर्षी आली आहे, हे चौकशीनंतर कळले. ही चाचणी मराठी व कन्नड बोलणाऱ्या मुलांसाठी बसवलेली असून तिचा मोठा भाग तोंडी प्रश्नोत्तरांचा आहे. शांत बसलेल्या मुलीला शून्य गुण देत गेले असते, तर शेवटी एक आकडा नक्कीच निघाला असता, कागद नियमात बसला असता आणि तो शिक्का त्या मुलीच्या मागे वर्षानुवर्षे लागला असता. मी चाचणी तिथेच थांबवली. दुभाष्यामार्फत प्रश्न विचारून गुण देणेही योग्य ठरले नसते, कारण प्रश्नाचे रूप बदलले की त्याची प्रमाणके, म्हणजे त्या वयाच्या मुलांच्या गुणांशी तुलना करण्याचे आकडे, लागू होत नाहीत.

मग स्वयंपाकघरातल्या मावशींना शेजारी बसवले. त्या तिच्याशी पावरीत बोलल्या आणि तिचे आखडलेले खांदे सैल झाले. मग जिथे बोलून उत्तर द्यावे लागत नाही अशा चाचण्या घेतल्या. आधी सेग्विनचा लाकडी फलक पुढे ठेवला. त्यावरचे दहा आकार आपापल्या खाचेत शक्य तितक्या लवकर बसवायचे असतात; ते तीनदा करून घेतात आणि सर्वांत कमी वेळ धरतात. पहिल्या खेपेला ती चांदणीपाशी अडखळली. दुसऱ्या खेपेला तिने चांदणी आधीच उचलून डाव्या हातात धरून ठेवली आणि बाकीचे ठोकळे उजव्या हाताने बसवले. ही युक्ती तिला कोणीच सांगितलेली नव्हती. रेव्हनच्या रंगीत आकृत्यांच्या चाचणीत अपुऱ्या आकृतीत बसणारा तुकडा निवडून दाखवायचा असतो; तिची 36 चित्रे तिने एकदाही न उठता पुरी केली. उत्तर दाखवण्याआधी ती आकृतीच्या कडेवरून बोट फिरवून बघत होती. दोन्ही चाचण्यांत ती वयाच्या मानाने सरासरीत होती.

आठवडी बाजारासाठी आलेली आई दुपारी शाळेत आली. मूल रोजचे व्यवहार स्वतःचे स्वतः किती करते, हे सामाजिक परिपक्वतेच्या वाइनलँड मापनश्रेणीने मोजतात; तिचे भारतीय रूप डॉ. मालिन यांनी नागपुरात तयार केले. त्यातले प्रश्न मी मावशींमार्फत विचारले. मुलगी सुट्टीत घरी गेली की धाकट्या भावंडांना सांभाळते, भाकऱ्या थापते, दुकानातून मीठ-तेल आणते आणि उरलेले पैसे मोजून आईच्या हातावर ठेवते. बौद्धिक अक्षमतेच्या निदानासाठी कमी बुद्ध्यंकाबरोबर दैनंदिन व्यवहारातली उणीवही दिसावी लागते. इथे दोन्ही नव्हते.

अहवालात मी लिहिले की बौद्धिक अक्षमता आढळत नाही; आणि शिकवण्याची भाषाच पुरेशी येत नसताना अध्ययन अक्षमतेचे (बुद्धी सरासरी असूनही वाचन, लेखन वा गणित शिकण्यात येणाऱ्या अडचणीचे) निदान करता येत नाही, म्हणून रोज काही वेळ पावरी जाणणाऱ्या व्यक्तीकडून तोंडी मराठी शिकवावी, वाचन-लेखन त्यानंतर, आणि शैक्षणिक चाचणी वर्षभराने. चिमटे काढणे व उठून जाणे यांसाठी वेगळे निदान लिहिले नाही. ज्या तासात एकही वाक्य कळत नाही, तिथे दिवसभर बसून राहणे मोठ्या माणसालाही जमणार नाही.

यादीतल्या उरलेल्या मुलांच्या घरी कोणती भाषा बोलतात, असे मी मुख्याध्यापकांना विचारले. तशी नोंद शाळेत नव्हती. मावशींच्या मदतीने ती करून घेतली आणि मगच पुढच्या मुलाला आत बोलावले.