तुम्ही विचारलंत म्हणून: ब्लू मूनवर मी एवढी का चिडते

"मॅडम, लोकांनी चंद्र बघितला, फोटो काढले, स्टेटस ठेवलं तर तुमचं काय बिघडतं? दर वेळी खाली 'निळा नसतो' असं लिहायलाच पाहिजे का?" हे मला स्टाफरूममध्ये विचारून झालंय, माजी विद्यार्थ्यांनी विचारून झालंय, सख्ख्या भावानं तर दोनदा. आजवर काहीतरी बोलून वेळ मारून नेली. आता एकदा लिहूनच टाकते.

मला चंद्राचा राग नाही. नावांचाही नव्हता. ३१ जानेवारी २०१८ ला 'सुपर ब्लू ब्लड मून' होता, म्हणजे जवळचा, महिन्यातला दुसरा आणि ग्रहणातला असा पौर्णिमेचा चंद्र, तेव्हा मीच पोरांना सांगलीत आयर्विन पुलाजवळ घेऊन गेले होते, चंद्र उगवला तोच ग्रहण लागलेला, तांबूस, आधी कुणाला सापडेचना आणि सापडला तेव्हा जो काय आरडाओरडा झाला! तेव्हाची मी म्हणायचे की नाव काहीही असू दे, माणसं मान वर करतायत ना, मग झालं. ती बाई आजही माझ्याशी भांडते आणि तिचं सगळंच खोटं आहे असं मला म्हणता येत नाही.

ऑक्टोबर २०२० मध्ये २ तारखेच्या पहाटे एक पौर्णिमा झाली आणि ३१ ला रात्री ८ वाजून १९ मिनिटांनी दुसरी. एका इंग्रजी महिन्यात दोन, म्हणून दुसरी ब्लू मून. पौर्णिमा ते पौर्णिमा साधारण साडेएकोणतीस दिवस, महिना ३१ चा, कधीतरी दोन बसणारच. त्यात हा नियमसुद्धा मूळचा नाही. अमेरिकेत मेन राज्यातल्या शेतकऱ्यांच्या जुन्या पंचांगात तीन महिन्यांच्या एका ऋतूत चार पौर्णिमा आल्या तर तिसरीला ब्लू मून म्हणायचे, १९४६ साली जेम्स ह्यू प्रुएट यांनी स्काय अँड टेलिस्कोप मासिकात ते चुकीचं मांडलं आणि तेच जगभर गेलं. चंद्र खरोखर निळा दिसायला हवेत ठरावीक आकाराचे बारीक कण लागतात, १८८३ मध्ये क्राकाटोआ ज्वालामुखी फुटल्यावर दिसला होता तसा. ३१ ऑक्टोबरचा चंद्र उलट वर्षातला सगळ्यात लांबचा पौर्णिमेचा चंद्र होता, सुमारे ४ लाख ६ हजार किलोमीटर, म्हणजे आकारानं जरा लहानच.

आणि आपल्याकडं हे गणित घरात भिंतीवर टांगलेलंच असतं की. २०२० ला अधिक आश्विन होता. २ ऑक्टोबरची पौर्णिमा अधिक आश्विनाची, ३१ ची निज आश्विनाची, आदल्याच रात्री आपण कोजागरीचं दूध प्यायलो होतो. १९ वर्षांत २३५ पौर्णिमा बसतात, बारा-बाराच्या हिशेबानं २२८ हव्यात, वरच्या ७ उरतात, त्यासाठी आपण ७ अधिक मास धरतो. ब्लू मून त्याच उरलेल्यांतून येतात. मला हे फार सुंदर वाटतं, वर्गात शिकवताना अजून अंगावर काटा येतो.

पण त्या ३१ ऑक्टोबरला मोबाईलवर जो फॉरवर्ड फिरत होता, त्यात हे नव्हतं. त्यात होतं: ७६ वर्षांनी निळा चंद्र आणि हॅलोविन (३१ ऑक्टोबरचा पाश्चात्त्यांचा भुताखेतांचा सण) एकाच रात्री, आज रात्री मेलेली माणसं पृथ्वीवर परत येतात.

त्या सप्टेंबरात सांगली जिल्ह्यात कोरोनाचं काय चाललं होतं ते इथल्या माणसांना सांगायला नको. आमच्या सहावीतल्या एका मुलाचे वडील पितृपंधरवड्यात गेले. घरी आणलंच नाही त्यांना, पोरानं शेवटचं पाहिलं ते रिक्षात बसताना. पंधरवडा संपला की घट बसतात, त्या वर्षी मध्ये अख्खा अधिक महिना आला, त्यामुळे तेही लांबलं. त्या घरात सगळंच अर्धवट राहिल्यासारखं झालं होतं.

३१ ला रात्री साडेनऊच्या पुढं फोन वाजला. स्क्रीनवर त्याच्या वडिलांचं नाव. ऑनलाइन तासाला तो त्यांचाच मोबाईल वापरायचा, मला माहीत होतं, तरी काळजात धस्स झालं.

"मॅडम, झोपलाय का?"

"नाही रे, बोल."

"चंद्र निळा किती वाजता हुतोय?"

मला बरं वाटलं. इतक्या दिवसांनी पोरगं आपणहून काही विचारतंय म्हणून मी लागले सांगायला, दोन पौर्णिमा, साडेएकोणतीस दिवस, निळा होत नसतो रे, नुसतं नाव आहे. तो सगळं ऐकून घेत होता, हं हं करत होता. मग म्हणाला, "मग पप्पा कवा येनार?"

चुलतभावानं त्याला तो मेसेज वाचून दाखवला होता. दिवेलागणीपासून हा एकटा स्लॅबवर बसला होता. पाण्याचा तांब्या भरून घेऊन गेला होता.

मी म्हटलं, "बाळा, ते नाही येणार. आज नाही आणि नंतरही नाही."

बराच वेळ तो बोललाच नाही. मग विचारलं, "पुन्यांदा कवा हाय असा चंद्र?" मी म्हटलं हॅलोविनच्या रात्री २०३९ ला. "मी तीस वर्षांचा असनार तवा," म्हणाला. हिशेब बरोबर होता. मग मी त्याला डोक्यावरचा मंगळ दाखवला, त्या महिन्यात तो चांगला ठळक तांबडा दिसत होता, शोध म्हटलं, आणि त्याची आई वर येईपर्यंत फोन ठेवला नाही.

आता तुम्ही म्हणाल, एका मुलाचं ऐकून सगळ्यांच्या आनंदावर पाणी का टाकता. मी टाकत नाही. चंद्र बघा, रात्रभर बघा. मे २०२६ मध्ये १ ला बुद्धपौर्णिमा आणि ३१ ला अधिक ज्येष्ठाची पौर्णिमा, म्हणजे परत ब्लू मून, तो जरूर बघा. पण परक्या देशातल्या सणाची भुतं आणि आपल्या पितरांची आशा एकत्र कालवून, खाली 'दहा जणांना पाठवा' लिहून जो कुणी ते सोडून देतो, त्याला ते कुणाच्या हातात पडणार आहे हे कळत नाही. माझा राग तिथं आहे.

शाळेतल्या एक ज्येष्ठ बाई मला म्हणाल्या होत्या, "खरं सांगितलंस ते ठीक, पण त्याच रात्री सांगायची काय घाई होती? बसला असता, झोप लागली असती." मी म्हटलं, उद्या परत वर गेला असता, परवाही गेला असता. त्या म्हणाल्या, जाऊ दे की, पोरगं आहे. यावर माझ्याकडं उत्तर नाही. मी खोटं बोलले असते तर तो जास्त सुखी झाला असता का, मला माहीत नाही. खोटं बोलायचं नाही एवढंच तेव्हा सुचलं आणि आजही फोन आला तर मी तेच सांगेन, पण ते सांगताना आवाज तेव्हासारखा ठाम निघेल असं नाही.

मुलगा आता कॉलेजात आहे, रस्त्यात भेटला की गाडी थांबवून बोलतो, मार्क सांगतो, आईची तब्येत सांगतो. त्या रात्रीचा विषय त्यानं कधी काढला नाही, मीही काढलेला नाही. २०३९ चं त्याच्या लक्षात आहे का, हे मला विचारावंसं वाटतं आणि विचारवत नाही.